डॉट आयओ बंद पडणार म्हणून धावपळ करताय? आधी या चुका टाळा

३ ऑक्टोबर २०२४ ला ब्रिटनने हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसच्या ताब्यात देणार असल्याचं जाहीर केलं आणि आमच्या पुण्यातल्या डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागला: "आपलं डॉट आयओ गेलं का रे?" कारण वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी येणारं डॉट आयओ (.io) हे डोमेन याच बेटांच्या नावावर आहे. करारावर सह्या व्हायला २२ मे २०२५ उजाडला. तोवर एकाने घाईघाईत कंपनीचं नाव बदलून टाकलं, दुसऱ्याने "रशियाचं डॉट एसयू बघा, काही होत नाही" म्हणत हात झटकले. माझ्या मते दोघंही चुकले.

आयओ म्हणजे ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी. १९६५ मध्ये मॉरिशसपासून तोडलेली बेटं. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या मूळ रहिवाशांना तिथून हलवलं गेलं आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ आला. १९९७ मध्ये या नकाशाला डोमेन मिळालं तेव्हा चागोसी माणूस तिथे राहतच नव्हता. 'आयओ' हे 'इनपुट-आउटपुट'चं लघुरूप म्हणून मिरवणाऱ्या आपल्या स्टार्टअपना यातलं बहुतेक काही ठाऊक नसतं.

चूक: देश गेला की डोमेन त्याच दिवशी गेलं, असं समजणं

डोमेनचं आयुष्य झेंड्यावर ठरत नाही, एका यादीवर ठरतं. आयएसओ ३१६६ नावाच्या, देश-प्रदेशांच्या दोन अक्षरी कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती दोन अक्षरं आहेत तोवर डोमेन आहे. हे मुद्दाम केलेलं आहे. देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवण्याच्या भानगडीत आपण पडायचं नाही, असं तेव्हा इंटरनेटच्या नावांचा कारभार बघणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं होतं. यादीतून अक्षरं निघाली की मग आयकॅन ही आता तो कारभार बघणारी संस्था नोटीस काढते आणि तिथून पाच वर्षांची मुदत सुरू होते. व्यवस्थापकाने मागितली आणि मंजूर झाली तर आणखी पाच वर्षांपर्यंत. हे धोरण २०२२ मध्ये मंजूर झालं. त्याआधीचा अनुभवही फार वेगळा नाही: नेदरलँड्स अँटिलीस १० ऑक्टोबर २०१० ला विसर्जित झालं, पण त्याचं डॉट एएन २०१५ पर्यंत चाललं.

म्हणून बेटं कुणाच्या ताब्यात आहेत यापेक्षा 'आयओ' यादीत आहे का, हे बघा. मॉरिशसचं स्वतःचं डॉट एमयू आहेच, त्याला आयओ लागेलच असं नाही. प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाचं डॉट टीव्हीही असंच यादीवर टिकून आहे. समुद्र वर येतोय म्हणून डॉट टीव्ही बुडेल, असं लोक गमतीने म्हणतात. पण २०२३ मध्ये तुवालूने घटनेतच लिहून टाकलं की जमीन गेली तरी राष्ट्र राहील. पाणी यादीपर्यंत पोचायला वेळ लागेल.

चूक: डॉट एसयूकडे बोट दाखवून निवांत बसणं

सोव्हिएत संघाला डॉट एसयू मिळालं सप्टेंबर १९९० मध्ये. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. डोमेन मात्र अजून सुरू आहे, त्यावर लाखाच्या वर नावं आहेत आणि सायबर गुन्हेगारांचीही तिथे बऱ्यापैकी वर्दळ असते. पण हा अपवाद आहे. 'एसयू' ही अक्षरं यादीत खास राखून ठेवलेली आहेत. ही सवलत प्रत्येकाला मिळत नाही.

दुसरं टोक बघा: युगोस्लाव्हिया. डॉट वाययू १९८९ मध्ये मिळालं आणि त्याचा कारभार स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठाकडे होता. स्लोव्हेनिया वेगळा झाला, त्याला स्वतःचं डॉट एसआय मिळालं, तरी डॉट वाययूच्या किल्ल्या १९९४ पर्यंत तिथेच राहिल्या. नंतर त्या बेलग्रेडला गेल्या. सर्बियाचं डॉट आरएस सुरू झाल्यावर डॉट वाययूला मुदत दिली, ती एकदा वाढवली आणि ३० मार्च २०१० ला ते कायमचं बंद केलं. युद्धाच्या दशकातली कितीतरी पानं त्या दिवशी पत्त्यासकट गेली. आता ती बघायची तर जुना पत्ता तोंडपाठ हवा, म्हणजे वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात टाकून नशीब आजमावता येतं.

चेकोस्लोव्हाकियाच्या 'सीएस'चं तर आणखी विचित्र झालं. डोमेन बंद झालं आणि २००३ मध्ये तीच दोन अक्षरं 'सर्बिया आणि माँटेनेग्रो'ला दिली गेली. बरीच ओरड झाली. तीन वर्षांत तो देशही फुटला. आता एकदा निघालेली अक्षरं पन्नास वर्षं दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत, असा नियम आहे.

चूक: फक्त वेबसाइटचा विचार करणं

खरी पंचाईत इथे होते, आणि त्यासाठी देश बुडायचीही गरज नसते. माझ्या एका ग्राहकाचं डोमेन साध्या विसरण्यामुळे संपलं. मुदत संपत असल्याच्या सूचना जात होत्या त्याच डोमेनवरच्या ईमेलवर. डोमेन थांबलं, मेल थांबली, आणि रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्याचा पासवर्ड बदलायचा कोडही त्याच बंद मेलवर जाऊ लागला. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. रजिस्ट्रारच्या खात्याला वेगळ्या डोमेनवरचा ईमेल द्या, आजच.

मग नेमसर्व्हर, म्हणजे तुमचं नाव कुठल्या पत्त्यावर आहे ते सांगणारे सर्व्हर, तपासा. तुमची साइट डॉट कॉमवर असेल आणि म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, पण तिचे नेमसर्व्हर कुणाच्या तरी डॉट आयओवर असतील, तर ते डोमेन गेल्यावर तुमचं डॉट कॉमही दिसेनासं होईल. मेल कुठे पोचवायची (एमएक्स) आणि तुमच्या नावाने ती कोण पाठवू शकतं (एसपीएफ) हे सांगणाऱ्या नोंदींचंही तसंच. डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची) सगळी नोंद एकदा उतरवून घ्या आणि त्यात परक्यांची डोमेनं कुठेकुठे आली आहेत ते शोधा. पहिल्यांदा करणाऱ्याला हमखास दोनतीन सापडतात.

पासवर्डऐवजी फोनवरून लॉगिन करू देणारी पासकी वापरत असाल तर तिकडे विशेष लक्ष द्या. पासकी डोमेनला बांधलेली असते. जुनं डोमेन बंद पडल्यावर नव्या पत्त्यावर ती चालत नाही, म्हणून ग्राहकांकडून नवी पासकी जुनं डोमेन जिवंत असतानाच करून घ्यावी लागते. लोकांच्या फोनमध्ये पडून असलेल्या जुन्या ॲपमधला एपीआयचा (ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं त्याचा) पत्ता तर अपडेट केल्याशिवाय बदलत नाही, आणि अपडेट न करणारे लोक तुम्हाला माहीत आहेतच.

चूक: रीडायरेक्ट टाकून मोकळं होणं

जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारा ३०१ रीडायरेक्ट हवाच, पण तो जुन्या डोमेनवर उभा असतो. डोमेन गेलं की रीडायरेक्टही गेला. म्हणून तो चालू असतानाच ज्यांनी तुमच्या लिंक दिल्या आहेत त्यांना कळवून त्या बदलून घ्या. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात पत्ता बदलल्याची नोंद करा. आणि नवं नाव घेतलं म्हणून जुनं सोडून देऊ नका. डॉट आयओ सुरू आहे तोवर तुमचं सोडलेलं नाव कुणीही उचलू शकतो आणि तुमच्या जुन्या ग्राहकांच्या मेल त्याच्या इनबॉक्समध्ये पडू शकतात.

दहा वर्षांचे पैसे एकदम भरले म्हणजे दहा वर्षं पक्की, हाही गैरसमजच. मूळ यादीतून डोमेन निघालं तर तुमची पावती त्याला थांबवू शकत नाही.

चूक: आगीतून फुफाट्यात

एका दोन अक्षरी डोमेनवरून दुसऱ्यावर उडी मारण्याआधी त्याचा मालक कोण ते बघा. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या हजारो लोकांची युरोपीय संघाच्या डॉट ईयूची पात्रताच गेली आणि नावं काढून घेतली गेली. परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी अभिमानाने सांगितलं, "मी डॉट आयओ सोडलं, आता डॉट एआय घेतलं." डॉट एआय कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं. अँग्विला अजून ब्रिटनचंच आहे.