पॉलियुरेथेनचं जैविक विघटन: प्लेटवरच्या वर्तुळावर विसंबू नका, या चुका टाळा

पॉलियुरेथेन हे प्लास्टिक खाणारा जीवाणू शोधायचा तर बहुतेक जण दुधाळ इम्प्रानिल अगरमध्ये (जीवाणू वाढवायच्या जेलीत) मिसळतात. वसाहतीभोवती पारदर्शक वर्तुळ उमटलं की प्लास्टिक पचलं, असं लिहून मोकळे होतात. सर्वात महाग पडणारी चूक हीच. इम्प्रानिल डीएलएन म्हणजे पाण्यात विखुरलेलं पॉलिएस्टर पॉलियुरेथेन. एस्टरेज किंवा क्युटिनेज या एन्झाइमांनी त्यातले एस्टर बंध तोडले तरी गढूळपणा जातो, आणि युरेथेन बंध मात्र शाबूत राहिलेला असू शकतो. इतकंच काय, माध्यम आम्लधर्मी होऊन कण गोळा झाले तरी द्रव निवळ दिसू शकतो. वर्तुळावरून पुढे तपासायच्या वसाहती निवडाव्यात, निष्कर्ष काढू नये.

खरा प्रश्न एकच: कोणता बंध तुटला? उत्तर द्रवात शोधा. ॲडिपिक आम्ल आणि डायोल, म्हणजे एस्टरचे घटक, सापडले तर एस्टर तुटला. युरेथेन बंधाचं जलविघटन झालं तर अमाइन, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. त्यामुळे मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या चाचणीत) डायअमाइन (दोन अमाइन गटांचा रेणू) दिसल्याशिवाय युरेथेनेज (युरेथेन बंध तोडणारं एन्झाइम) सापडलं असं म्हणू नका.

आपण कोणतं पॉलियुरेथेन घेतलं हे न सांगणं, ही दुसरी चूक. २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने इक्वेडोरच्या जंगलातल्या पेस्टालोटिओप्सिस मायक्रोस्पोरा बुरशीबद्दल लिहिलं. ती ऑक्सिजनशिवायही वाढत होती, ही गोष्ट खरोखर विलक्षण आहे. पण तिची कसोटी पॉलिएस्टर प्रकारावर झाली होती. गादीतला मऊ फोम बहुधा पॉलिइथर प्रकारचा असतो. त्याच्या मऊ साखळीत एस्टरेजला पकडायला बंधच नसतो, शिवाय साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तिथे निकाल शून्य आला तर जीवाणूला दोष देऊ नका.

वजन घटलं? पूरक रसायनंही पाण्यात झिरपून जातात. उलट, चिकटलेल्या पेशी धुतल्या नाहीत किंवा नमुना नीट वाळवला नाही तर वजन वाढलेलं दिसतं. निर्जंतुक माध्यमात ठेवलेला तुकडा आणि मृत पेशींबरोबरचा तुकडा, हे दोन्ही कंट्रोल (तुलनेचे नमुने) हवेतच. माध्यमात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टचा पोषक अर्क) असेल तर प्लास्टिक हा एकमेव कार्बनस्रोत उरत नाही.

वाढ सुरू होऊन मध्येच थांबली, तर सुटलेल्या डायअमाइनच्या विषारीपणाचा संशय घ्या. २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मांडलेला स्यूडोमोनास टीडीए-१ हा जीवाणू २,४-डायअमिनोटोल्युइन हे असंच एक डायअमाइन कार्बन आणि नायट्रोजनसाठी वापरतो, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो. अशा जीवाणूची जोड देऊन पाहता येते.

आणि एन्झाइम थेट फोमवर टाकून निराश होऊ नका. २०२३ मध्ये मातीच्या मेटाजीनोममधून (त्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या एकत्रित डीएनएमधून) मिळालेली युरेथेनेजं लहान कार्बामेट रेणूंवर, म्हणजे युरेथेन बंध असलेल्या छोट्या रेणूंवर, चालतात. आधी ग्लायकोलिसिसने (ग्लायकोल वापरून केलेल्या रासायनिक विघटनाने) फोमचे लहान रेणूंत तुकडे करा, मग एन्झाइम द्या.