मेकॅनिकलची पदवी परवडेल का? हिशेब असा मांडा

फी एका बाजूला आणि माहितीपत्रकातलं पॅकेज दुसऱ्या बाजूला ठेवून केलेला हिशेब हमखास चुकतो. खर्चाचा मोठा हिस्सा फीमध्ये येतच नाही, आणि मिळणारा सगळा पगार काही पदवीमुळे मिळत नसतो.

आधी खर्च. चार वर्षांची फी १००० धरा आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात मांडा. वसतिगृह, लॅपटॉप, प्रोजेक्ट, परीक्षा शुल्क यांचे २००. घरी राहिलं तरी जेवणखाण सुटत नाही, म्हणून राहण्याखाण्याचा फक्त जादा खर्च घ्यायचा. तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात: याच चार वर्षांत नोकरी केली असती तर हाती आला असता तो पगार. पदविका किंवा ट्रेडचं प्रशिक्षण घेतलेल्याला वर्षाला २०० मिळतात आणि दरवर्षी ५ टक्के वाढ होते असं धरलं, तर चार वर्षांचे ८६२ होतात. एकूण २०६२, म्हणजे फीच्या दुपटीहून जास्त. शिष्यवृत्ती असेल तर ती यातून वजा.

आता मिळकत. पदवीधराचा पहिला पगार वर्षाला ३२० असला, तर तोवर पदविका घेऊन नोकरीला लागलेला २४३ वर पोचलेला असतो. पहिल्या वर्षीचा खरा फायदा फक्त ७७. पदवीधराची वाढ ८ टक्के धरली, तर फरक वाढत जाऊन २०६२ भरून निघायला नोकरीचं बारावं वर्ष उजाडतं. पहिला पगार ४०० असेल तर नववं. पगार ३२० च राहिला पण फी निम्मी झाली, तर दहावं. आणि दोघांचीही वाढ ५ टक्केच धरली, तर थेट अठरावं! म्हणून वाढीचा आकडा हात आखडूनच धरा. शिवाय फी नक्की असते, पगार हा अंदाज असतो. दोन कॉलेजांत निवड अडली असेल आणि नोकऱ्यांच्या आकड्यांत ठळक फरक नसेल, तर कमी फीचं घ्यावं.

कर्ज काढणार असाल तर हे गणित वेगळ्या कागदावर करा. १००० चं कर्ज दरवर्षीच्या सुरुवातीला २५० अशा हप्त्यांनी मिळालं आणि व्याज १० टक्के सरळ असेल, तर चौथ्या वर्षाअखेर २५० व्याज साचतं. पुढे १२५० ची फेड १० वर्षांत करायची तर महिन्याला साधारण १६.५ जातात. वर्षाचे १९८. हातात ३२० येत असताना ६२ टक्के हप्त्यातच गेले, म्हणजे गाडी अडलीच. हप्ता हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसायला हवा. शिकतानाच व्याज भरत राहिलात तर मूळ रक्कम १००० वरच राहते आणि एकूण परतफेड १९८२ ऐवजी १८३६ च्या आसपास येते.

प्लेसमेंटच्या आकड्यांत सगळ्यात जास्त फसगत होते. ‘९० टक्के प्लेसमेंट’ हे बऱ्याचदा नाव नोंदवलेल्यांपैकी असतं, वर्गातल्या सगळ्यांपैकी नव्हे. सरासरी पॅकेज एकदोन मोठ्या ऑफरनी फुगतं, त्यात कॉम्प्युटरची शाखाही मिसळलेली असते. त्यामुळे मागायचं ते असं: फक्त मेकॅनिकल, गेली तीन वर्षं, प्रवेश किती, नोकरी किती जणांना, आणि पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधल्या मुलाचा पगार किती. त्यातले कोअरमध्ये (म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात) किती आणि सॉफ्टवेअरमध्ये किती, हेही विचारा. पॅकेजमध्ये बोनस, विमा, निवृत्ती निधी धरलेले असतात. हिशेबात कर कापून हातात येणारा पगारच घ्यायचा. ट्रेनी वर्षाचा पगार आणि बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदतही पाहून ठेवा. बाँड असला की चांगली ऑफर आली तरी पाय अडकतो.

पहिला पगार वर नेणं काही अंशी विद्यार्थ्याच्या हातात असतं. नुसतं कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं) सगळ्यांनाच येतं. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात चालणारा कमीजास्त फरक) नीट वाचता येणं, सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) काम केलेलं असणं किंवा सिम्युलेशनचं, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या चाचणीचं, उत्तर हाताने ताडून पाहता येणं, हे मुलाखतीत उठून दिसतं. तिसऱ्या वर्षाआधी कारखान्यात इंटर्नशिप करावी. शॉप फ्लोअर, शिफ्ट आणि उन्हातली साइट झेपते का ते तिथेच कळतं. न झेपणारे पुढे क्षेत्र बदलतात, मग वाढीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. परदेशी नोकरीचा विचार असेल तर आपल्या कोर्सची मान्यता १९८९ च्या वॉशिंग्टन कराराखाली (इंजिनीअरिंगच्या पदव्यांना एकमेकांच्या देशांत मान्यता देणारा करार) येते का, हे प्रवेशाआधी तपासा.

विषय राहून एक वर्ष वाया गेलं, तर नुसती परीक्षा फी जात नाही. पदवीधराचा त्या वर्षाचा ३२० पगार जातो, कर्जावरचं व्याज चालूच राहतं, आणि पुढची प्रत्येक पगारवाढ एक वर्ष मागे सरकते. जिथे पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथे तोही पर्याय याच आकड्यांनी मांडून पाहा: पदवीच्या एका वर्षाची फी वाचते, पण पदविकेची वर्षं आणि तिथला खर्च जमेस धरायला विसरू नका.