टोमॅटोची बुडं काळी पडत होती, ती अशी थांबली

पाणी कमी केल्यापासून फुलं गळायची आणि जी फळं धरायची त्यांच्या बुडाशी चामड्यासारखा काळा, खोलगट डाग. बुरशीनाशक मारलं, कॅल्शियम फवारलं, फरक शून्य. अगदी वैताग आला. कॅल्शियम मातीत होतंच, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत चढतं. माती कधी कोरडी ठाक, कधी चिखल, मग पोचणार कसं?

आधी डागाळलेली फळं तोडली (ती सुधारत नाहीत). मग माती खोलवर भिजवून वाळक्या पाल्याचं 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादन दिलं, खोडाला न टेकवता. त्यानंतर रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तरच पाणी, मुळाशी, सावकाश. नवी फळं स्वच्छ आली. पाणी वाचवायचंच तर फळं रंग धरू लागल्यावर. फुलोऱ्यात आणि फळं फुगताना अजिबात नाही.