मॉनिटर घेण्याआधी फुटपट्टी घ्या

गेल्या वर्षी एका कीर्तनकार बुवांच्या पुस्तकात डाव्या हाताच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘धर्मचिंतन’ऐवजी ‘घर्मचिंतन’ छापून आलं. घर्म म्हणजे घाम. बुवा मोठ्या मनाचे, ते हसले. प्रकाशक हसले नाहीत. मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांच्या साच्यावर, एकदा चुकलं की ते सगळ्या पुस्तकभर चुकतं, आणि ‘घर्म’ हाही खरा शब्द असल्याने शब्दतपासणी गप्प बसते. प्रूफ मीच वाचलं होतं. तेही लॅपटॉपच्या बारक्या पडद्यावर नव्हे, मुद्दाम घेतलेल्या नव्याकोऱ्या २७ इंची मॉनिटरवर. तिन्ही वाचनांत मला तिथे ‘ध’च दिसला.

मी मराठी पुस्तकांची पानं लावते आणि प्रुफं वाचते. दिवाळी अंकांच्या हंगामात दिवसाचे दहा तास पडद्यासमोर जातात. भाचा म्हणाला होता, “मावशी, मोठा घे, डोळ्यांना बरं पडेल.” त्याचा हेतू चांगला होता. खोक्यावर ‘फुल एचडी’ लिहिलेलं होतं, तेव्हा म्हटलं, फुल आहे म्हणजे आणखी काय हवं? पण फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजेच पिक्सेल, बस्स. पडदा २१ इंची असो की ३२ इंची, ठिपके तेवढेच. मोठा पडदा घेतला म्हणजे जास्त मजकूर दिसत नाही, तेच ठिपके ताणून बसवलेले असतात. लहान कणकेच्या गोळ्याची मोठी पोळी लाटावी तसं.

मराठीला हे इंग्रजीपेक्षा जास्त बोचतं. ध, भ, थ ही उघड्या डोक्याची अक्षरं. घ, म, य ही त्यांची टोपी घातलेली भावंडं. फरक काय, तर शिरोरेषेतली एवढीशी फट. पानाच्या डोक्यावरचा मजकूर मी ८ पॉइंटात लावते. विंडोजमध्ये स्केल, म्हणजे सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण, १०० टक्के असेल, तर एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल असा हिशेब धरलेला असतो. त्यामुळे ८ पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला उभे जेमतेम ११ पिक्सेल येतात. त्या ११ मध्ये वरची मात्रा, रफार, अनुस्वार, मधलं अक्षर आणि खालचा उकार एवढा सगळा संसार बसवायचा. ‘ध’ची फट एका पिक्सेलची उरते, आणि तोही करडा होऊन शेजारच्यांत मिसळतो.

तेव्हा खरेदीचा पहिला प्रश्न ‘किती इंची’ हा नाही, ‘एका इंचात किती पिक्सेल’ हा आहे. दुकानदार सांगतो तो आकडा कर्णाचा असतो, तो बाजूला ठेवा. पडद्याची आडवी रुंदी इंचात मोजा, शिवणाची टेपसुद्धा चालते, आणि आडव्या पिक्सेलना तिने भागा. २७ इंची पडदा साडेतेवीस इंच रुंद असतो. त्यावर फुल एचडी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल. २५६०×१४४० असेल तर १०९. ३८४०×२१६०, म्हणजे ज्याला सगळे फोरके म्हणतात ते असेल तर १६३. २४ इंचीवर फुल एचडी ९२ पडतात. ३२ इंचीवर फोरके १३८. माझा १४ इंची लॅपटॉप फुल एचडीच आहे, पण तेच ठिपके सव्वाबारा इंचांत कोंबल्याने त्याचे १५७ होतात. म्हणून तर नवा मॉनिटर जोडल्या दिवसापासून लॅपटॉपवरची अक्षरं रेखीव आणि मॉनिटरवरची भरड दिसत होती. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

आता आकार. पानं लावणाऱ्यांसाठी एक सोयीची गोष्ट सांगते. २४ इंची पडद्याची उंची सुमारे २९.९ सेंटिमीटर असते आणि ए-फोर कागदाची २९.७. म्हणजे खरं पान खऱ्या आकारात जेमतेम मावतं, पण वर टूलबार आणि खाली टास्कबार आले की पानाचा पाय कापला जातो. २७ इंचीची उंची ३३.६ आणि रुंदी ५९.८. त्यात ए-फोरची समोरासमोर दोन पानं ४२ सेंटिमीटरांत बसतात आणि बाजूला पॅलेटसाठी वीतभर जागा उरते. नुसता हिशेब आणि ईमेल करणाऱ्याने याच्या भानगडीत पडू नये, त्याला २४ इंची फुल एचडी पुष्कळ झाला. पण २७ इंची फुल एचडी मी मजकुराच्या कामासाठी कुणालाच घेऊ देणार नाही. माझा आता दिरांच्या मुलाकडे आहे. तो त्यावर गेम खेळतो आणि खूश आहे.

पैसे बेताचे असतील तर २७ इंची २५६०×१४४०. दिवसभर मजकूरच वाचायचा असेल तर २७ इंची फोरके. मी दुसऱ्या खेपेला तोच घेतला.

फोरके आणून जोडला की पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक जण एक चूक करतात. अक्षरं मुंगीएवढी दिसतात, म्हणून ते रिझोल्यूशनच खाली आणतात, ३८४० चं २५६० किंवा १९२०. अक्षरं मोठी होतात खरी, पण महागाचा मॉनिटर स्वस्तातला होऊन बसतो. त्यातून ३८४० ला २५६० ने भागलं की दीड येतं. दीड पिक्सेल नावाची वस्तू काचेवर नसते, त्यामुळे कडा लोण्यासारख्या वितळलेल्या दिसतात. रिझोल्यूशन कायम ‘रेकमेंडेड’ लिहिलेलंच ठेवायचं. अक्षरं मोठी करायची ती स्केलने. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात डिस्प्ले. वर दोन्ही पडद्यांची १ आणि २ अशी चित्रं दिसतात. आधी ज्याचं स्केल बदलायचं त्या चित्रावर क्लिक करायचं, नाहीतर तुम्ही मॉनिटर समजून लॅपटॉप बदलत बसता. मी बसले होते.

किती स्केल ठेवायचं? इंचातले पिक्सेल भागिले ९६, की खऱ्या मापाचं स्केल मिळतं. माझे १६३, म्हणजे १७० टक्के, त्याच्या जवळचं १७५. ३२ इंची फोरकेचं येतं १४४, म्हणून १५०. २४ इंची फोरके असेल तर २००. २४ इंची फुल एचडीला १०० ठेवून निश्चिंत राहा. अडचण २७ इंची २५६०×१४४० ची आहे. तिथे ११३ येतं, १०० बारीक आणि १२५ ऐसपैस. तरण्या डोळ्यांनी १०० घ्यावं, चाळिशी लागलेल्यांनी १२५.

खातरजमा फुटपट्टीने करते मी. स्टीलची पट्टी घ्यायची, वर्डमध्ये झूम १०० टक्के ठेवायचा आणि वरच्या पट्टीवरचे दहा सेंटिमीटर खऱ्या दहा सेंटिमीटरांशी ताडून बघायचे. माझ्याकडे १७५ वर थोडं मोठं दिसतं, तीनेक मिलिमीटरचा फरक. छापील पान हातात धरल्यावर दिसेल जवळपास तेवढंच अक्षर पडद्यावर दिसतं, आणि लेखकाला ‘हा टाइप बारीक आहे’ हे छापण्याआधी पटवता येतं. आणि ८ पॉइंटाच्या त्या अक्षराला आता ११ च्या जागी १९ पिक्सेल मिळतात. ‘ध’ची फट लांबूनही दिसते.

भाच्याचं म्हणणं १५० ठेवावं, जागा जास्त मिळते. त्याचं गणित बरोबर आहे. १५० वर फोरके मॉनिटर २५६०×१४४० एवढी कामाची जागा देतो, १७५ वर सुमारे २१९४×१२३४. शिवाय माझा लॅपटॉप १५७ चा आणि मॉनिटर १६३ चा, त्यामुळे दोघांना १५० ठेवलं तर खिडकी इकडून तिकडे सरकवताना तिचा आकार उड्या मारत नाही. ज्यांची पिक्सेलदाटी अशी जुळते त्यांनी हे जरूर करून बघावं. मी महिनाभर केलं. पण लॅपटॉप दीड हातावर आणि मॉनिटर त्याच्याही मागे, आणि मी चाळिशीच्या पुढची. संध्याकाळी मान पुढे काढून बसलेली असायची. १७५ वर मान जागेवर आली.

सेटिंग्जमधल्या त्याच डिस्प्लेच्या पानावर ‘कस्टम स्केलिंग’ असाही एक पर्याय आहे. ‘माझं १७० येतंय, मग १७०च टाकते’ असा मोह होतो. टाकू नका. तो आकडा दोन्ही पडद्यांना एकदमच लागू होतो, आणि काढायचा तर साइन आउट करावं लागतं.

आता वायर. यात माझा एक रविवार गेला. फोरके मॉनिटर जोडला, स्केल लावलं, अक्षरं सुरेख, पण माउसचा बाण काकवीत पडल्यासारखा चाललेला. पान सरकवलं की ओळी अडखळत यायच्या. डिस्प्लेखाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ म्हणून आहे, तिथे रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढलं जातं ते, बघितला तर ३० हर्ट्झ. तो ६० हवा. कारण निघालं यूएसबी-सीचं हब, एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी. यूएसबी-सीच्या वायरीत वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. बरीच हब त्यातल्या दोन पेन ड्राइव्ह आणि इतर जोडण्यांसाठी ठेवतात आणि चित्राला दोनच देतात. चित्र पाठवायची जी डिस्प्लेपोर्ट नावाची पद्धत आहे, तिच्या जुन्या १.२ आवृत्तीच्या हिशेबाने दोन मार्गिकांतून फोरके फक्त ३० वर जातं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत फोरके आणि तळाशी बारक्या अक्षरांत ३० हर्ट्झ, हे मी नंतर वाचलं. प्रुफं वाचणाऱ्या बाईने! एचडीएमआयचंही तसंच. १.४ ची जोडणी असेल तर फोरकेला ३०, ६० साठी २.० लागते, आणि ती लॅपटॉप, वायर, मॉनिटर तिन्हीकडे हवी. शक्य असेल तर हब मध्ये न आणता लॅपटॉपच्या यूएसबी-सीतून सरळ मॉनिटरमध्ये जा. फक्त तो पोर्ट चित्र पाठवणारा आहे ना, हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात आधी बघा, कारण काही पोर्ट नुसते चार्जिंगचे आणि माहितीचे असतात. फोनसोबत आलेली यूएसबी-सी वायर या कामाला बहुधा चालत नाही. दिसायला मात्र अगदी तशीच.

राहिलं जुनं सॉफ्टवेअर. मराठी पानं लावणाऱ्यांपैकी कितीतरी जण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमवर अजून काम करतात, जुन्या फॉन्टांतल्या फायली तिथेच उघडतात म्हणून. त्या प्रोग्रॅमना स्केल ही भानगडच माहीत नाही. विंडोज मग त्यांचं चित्र १०० टक्क्यांवर काढतं आणि फोटो ताणावा तसं ताणतं. बाकी सगळा पडदा काचेसारखा आणि हीच खिडकी धुक्यात. यावर थोडा इलाज आहे. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे सगळ्यात खालच्या चौकोनात खूण करून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. अक्षरं बऱ्याचदा सुधारतात, बटणांवरची चित्रं तशीच राहतात. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर सगळं लख्ख होतं, पण मेनू मुंगीचे.

त्यामानाने अलीकडचे, पण अर्धवट शहाणे प्रोग्रॅम वेगळी खोड करतात. साइन इन करताना जो पडदा मुख्य असेल त्याचं स्केल ते धरून बसतात. म्हणून मी मॉनिटरलाच मुख्य पडदा केलंय, आणि सकाळी आधी वायर जोडून मगच साइन इन करते. मधेच वायर जोडली आणि काही धूसर दिसलं तर साइन आउट करून परत येते, तेवढ्यात चहा होतो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे टक्के नसतात, ‘अमुक रिझोल्यूशनसारखं दिसेल’ असं असतं. २७ इंची फोरकेला ‘२५६०×१४४० सारखं’ निवडलं की मॅक आत ५१२०×२८८० चं चित्र रंगवतो आणि ते आटवून ३८४० मध्ये बसवतो. चालतं, चांगलं दिसतं. पण खरोखरचा २५६०×१४४० मॉनिटर मॅकला लावून मराठी वाचणं मला जमलं नाही. विंडोज क्लिअरटाइपने पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वापरून कडा सावरतं, मॅकने ती युक्ती २०१८ साली सोडून दिली.

दुकानात जाताना लॅपटॉप, वायर आणि एक पान न्या. दुकानात मॉनिटरवर नेहमी फुलपाखरं आणि हिमशिखरं चालू असतात, त्यात कुठलाही मॉनिटर सुंदरच दिसतो. मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेले तेव्हा पीडीएफचं एकच पान नेलं होतं, ८ आणि १० पॉइंटात: ‘धर्म घर्म, भार मार, थवा यवा, षष्ठी, दुर्मीळ, सर्वांनी, शृंगार, ङ’. दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, हे काय?” म्हटलं, “परीक्षा.” हातभर अंतरावर उभं राहून ‘सर्वांनी’तला रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसतात का ते बघायचं. दिसले नाहीत तर पुढचा मॉनिटर लावायला सांगायचं.

घरी आल्यावर खोकं आणि थर्माकोल लगेच रद्दीत देऊ नका. पांढरं कोरं पान पडदाभर उघडून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवा, मेलेला पिक्सेल असेल तर बदलून मागायची मुदत थोडी असते. पूर्वी एका कचेरीत मी २४ इंचीवर काम करायचे, त्याचा एक पिक्सेल गेलेला होता. दिवसातून दोनदा तरी मी ‘मुलाला’वरचा अनुस्वार खोडायला जायचे. मग सवय लागली: पान थोडं वर सरकवायचं. ठिपका पानाबरोबर सरकला तर लेखकाचा, जागीच राहिला तर कचेरीचा.