पावसाळी गटारावर सूचना कशी रंगवावी: सांगलीतल्या विद्यार्थ्यांसाठी

‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीने फारसा फरक पडत नाही. गाडी धुतलेलं फेसाळ पाणी किंवा गॅरेजचं जळकं ऑइल गटाराच्या जाळीत ओतणाऱ्याला तो कचरा वाटतच नाही. पाणी पुढे कुठे जातं ते लिहा: ‘हे पाणी थेट कृष्णेत जाते’. शेजारी मासा काढा.

ते खरंच जातं का, हे आधी तपासा. भुयारी गटाराचं बंद झाकण म्हणजे पावसाळी गटार नव्हे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी परवानगी मागताना ड्रेनेजचा नकाशाही बघून घ्या. गटार शेरी नाल्याला मिळत असेल तर ‘थेट’ऐवजी ‘नाल्यातून’ लिहा. जाळी मात्र उचलू नका, आत विषारी वायू असू शकतो.

खरी मेहनत स्टेन्सिलची, म्हणजे अक्षरं कापून काढलेल्या साच्याची. जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. अक्षरं जाड आणि निदान ६ सेंमी उंच हवीत, म्हणजे उभ्याने वाचता येतात. देवनागरीत शिरोरेषा सलग कापली की पूर्ण ओळ लोंबते, आणि ‘प’, ‘क’, ‘ष’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. म्हणून शिरोरेषा प्रत्येक अक्षरागणिक तोडा आणि प्रत्येक बंद पोटाला ४–५ मिमीचा न कापलेला सांधा ठेवा.

जागा फुटपाथच्या कडेच्या दगडाची, जाळीच्या अगदी वर. डांबरावर नको: चाकांनी झिजतं, शिवाय ऑइलपेंटमधून डांबर वर येऊन अक्षरं तपकिरी होतात. नव्या सिमेंटवरही ऑइलपेंट सुटतो. बाहेरच्या भिंतींचा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. अर्धा लिटर वीसेक जाळ्यांना सहज पुरतो.

तारेच्या ब्रशने घासा, धूळ झाडा, पूर्ण कोरडं होऊ द्या. स्टेन्सिल चिकटपट्टीने घट्ट बसवा. रंग स्पंजने टिपून लावा, ओढू नका. स्पंज ओथंबला की रंग कडेखाली शिरतो आणि अक्षरं फुगतात. दोन पातळ हात, मध्ये डब्यावर दिलेला वेळ. दिवाळीनंतर सकाळी काम करा. मे महिन्यात रंग स्पंजवरच वाळतो.

स्पंज धुतलेलं पाणी बादलीत साठवून शाळेच्या संडासात ओता. ते जाळीतच ओतणारेही भेटतात!

पुराचा गाळ अक्षरांवर बसतो, म्हणून सप्टेंबरमध्ये एक फेरी मारा. गाळ धुऊन काढा, पुसट झालं असेल तिथे त्याच स्टेन्सिलने एक हात द्या.