कांडीवरचा नंबर

निपाणी-चिकोडी भागात कृत्रिम रेतनाच्या कामात उतरणारी पोरं पहिलं एकच विचारतात, "हात कधी बसतो?" हात बसतो हो. आतून गर्भाशयाचं मुख मुठीत धरायचं, गन, म्हणजे वीर्य सोडायची लांब नळी, सावकाश सरकवायची, मुखाची वळणं संपली की थांबायचं आणि वीर्य तिथंच सोडायचं. त्याआधी कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद. एवढं चार महिन्यांत अंगवळणी पडतं.

माझी फजिती वहीनं केली. सुरुवातीला एका गावात होल्स्टिन या विलायती दुभत्या जातीच्या एकाच वळूच्या कांड्या मी धडाधड भरल्या. तारीख लिहिली, मालकाचं नाव लिहिलं. वळूचा नंबर लिहायचा कंटाळा. अडीच वर्षांनी त्याच गोठ्यातनं सकाळी फोन आला. कालवड ओरडत होती, शेपटीखाली चिकट स्रावाचा काचेसारखा सोट लोंबत होता, म्हणजे माजावर आली होती. मावशी कौतुकानं म्हणाल्या, "वळखली न्हाईसा डॉक्टर? हिच्या आईला तुम्हीच भरलेलं की." गन जोडता जोडता मी थबकलो. डब्यात अजून त्याच वळूच्या कांड्या होत्या. बापाचंच वीर्य लेकीला गेलं तर वासरात 25 टक्के अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या रक्ताचा संकर. मग गाभ न राहणं, मरतुकडी वासरं, दुधाला मार. वही उघडली तर नंबरच नाही. सकाळचा माज संध्याकाळी भरायचा असतो म्हणून वाचलो. दिवसभरात दुसऱ्या वळूची कांडी मिळवली. आता कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे 12 आकडे आणि कांडीवरचा नंबर मी गोठ्यातच उभा राहून टिपतो, घरी जाऊन नाही.

शिकताना मांसासाठी पाळायच्या गाईंचा धडा आला तेव्हा आम्ही जांभया दिल्या होत्या. आपल्याकडं त्याचं काय काम? पण मांसासाठी गाई पाळतात तिकडं वळू निवडताना वासराचं जन्मवजन आणि वीण सोपी जाणं आधी बघतात, कारण मोकळ्या रानात व्यायला टेकलेल्या गाईजवळ माणूस नसतो. लहान चणीच्या पहिलारू कालवडीला दांडग्या वळूची कांडी का घालू नये, ते मला त्या धड्यानं शिकवलं. आणि गंमत बघा, अमेरिकेतल्या मांसाच्या गाईंच्या 'ब्राह्मण' नावाच्या जातीत गीर, ओंगोल, कांकरेजच्या जोडीला आपल्या कृष्णाकाठचं, कृष्णा व्हॅलीचंही रक्त आहे. इथं अथणी-रायबागकडं मात्र तो बैल शोधावा लागतो.

म्हशीचं गणित वेगळं. तिचा माज मुका, उन्हाळ्यात तर कळतच नाही. मालकाला पहाटे उठून बघायला सांगा आणि माज परत आला का ते 21 दिवसांनी पुन्हा बघायला लावा.

राहिलं कानडी. तेवढं शिकाच. अथणीकडनं एकदा फोन आला, "बेदिगि बंदैत्री." मी ऐकलं भेदी, म्हणजे कानडीत हगवण. "ते माझं काम नाही, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा," म्हणून फोन ठेवला. बेदिगि म्हणजे माजावर; त्याची म्हैस माजावर आली होती. पुढचे 21 दिवस तो माणूस मला बाजारात दिसला की तोंड फिरवायचा.