रंगीत समुद्री गोगलगाय दिसत नाही? या चुका टाळा

मुंबई ते रत्नागिरी खडकाळ किनाऱ्यावर शंख नसलेल्या रंगीत गोगलगाई आहेत. १९४६ साली एका जातीला मुंबईवरून ‘बॉम्बेयानस’ हे नावही मिळालं (पूर्ण नाव गोनिओब्रँकस बॉम्बेयानस). तरी पुष्कळजण तासभर कातळावर फिरून तसेच परततात.

बहुतेकदा दिवसच चुकलेला असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरतं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस निवडा आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटरच्या आत आहे का ते पाहा. ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, उतरत्या पाण्यामागोमाग खाली सरका आणि पाणी वळलं की परत फिरा. पायात बूट हवेतच, कालवांच्या कडा तळवा कापतात.

दुसरी चूक उभ्याने रंग शोधण्याची. कित्येक गोगलगाई बोटाच्या पेराएवढ्याही नसतात, म्हणून आधी त्यांचं अन्न शोधा. बॉम्बेयानसच्या कुळातल्या गोगलगाई स्पंज (खडकाला चिकटून राहणारे साधे प्राणी) खातात, तेव्हा कपारींच्या सावलीतल्या स्पंजांवर टॉर्च तिरका धरून पाहा. पाठीवर बोटांसारखे झुबके असलेल्या क्रॅटेनासारख्या जाती हायड्रॉइडच्या (झुडपासारखे दिसणारे बारीक समुद्री प्राणी) झुबक्यांवर सापडतात. खडकाला चिकटलेली, रिबिनीसारखी गुंडाळलेली अंडी दिसली तर तिथेच थांबून नीट शोधा.

सापडल्यावर होणारी चूक सगळ्यात महागात पडते: फोटोसाठी ती तळहातावर घेणं. पाण्याबाहेर तिचं अंग लोळागोळा होतं. डोक्यावरची दोन शिंगं ती आत ओढते, बॉम्बेयानसच्या कुळात तर पाठीवरचा कल्ल्यांचा तुराही खोबणीत जातो. ओळख पटते ती याच अवयवांवरून, मग फोटो असूनही नाव सांगता येत नाही. तिला डबक्यातच राहू द्या आणि वरून, बाजूने, समोरून असे तीन फोटो घ्या. शेजारी छोटी पट्टी ठेवली तर मापही मिळतं. पाण्यावर आभाळ चकाकत असेल तर छत्री धरा.

कागदासारखा चपटा, कल्ल्यांचा तुरा नसलेला जीव दिसला तर तो बहुधा चपटा कृमी असतो, गोगलगाय नव्हे. पानासारखी हिरवी एलिसिया मात्र समुद्री गोगलगाईच, पण वेगळ्या गटातली. ती शैवालातला रस शोषते.

दगड उलटलात तर त्याच बाजूने, हळू परत ठेवा. खालचे स्पंज उन्हात पडले की मरतात. आणि घरच्या टाकीसाठी गोगलगाय उचलू नका: तिला लागतो तो ठरावीक स्पंज तिथे नसतो, ती उपाशी मरते.